घरातले नवे पिल्लू आणि ओली फरशी

कुत्र्याचे पिल्लू घरी येण्याचा दिवस बहुधा उत्सवासारखा असतो. नाव आधीच ठरलेले असते, मऊ गादी आणून ठेवलेली असते, शेजारची मुले दारात जमलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्याच्या फरशीवर पहिले ओले थारोळे दिसते. तिसऱ्या दिवशी गालिच्याला वास येऊ लागतो. आठवडा संपता संपता घरातील एखादी ज्येष्ठ व्यक्ती 'हे आणायला कुणी सांगितले होते?' असा प्रश्न विचारते आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या मनःस्थितीत कुणीच नसते. घर दिल्लीतील सरकारी वसाहतीत असो, बंगळुरूतील उंच इमारतीत असो वा डोंबिवलीतील दोन खोल्यांचे असो, हा क्रम फारसा बदलत नाही.

वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात पाळीव कुत्र्याचे पुढील आयुष्य कसे जाणार, हे पुष्कळदा याच काही आठवड्यांत ठरते. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पशुवैद्यकीय अभ्यासात, घरात वारंवार घाण करणारी कुत्री निवारागृहात सोडली जाण्याचा धोका अधिक असल्याचे दिसून आले होते. आपल्याकडे निवारागृहापर्यंत जाण्याची तसदीही अनेकदा घेतली जात नाही. पिल्लू प्रथम बाल्कनीत बांधले जाते, मग गावी शेतावर धाडले जाते किंवा दूरच्या एखाद्या रस्त्यावर सोडून दिले जाते. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही आणि तेथील टोळ्या त्याला आपल्यात घेत नाहीत.

वास्तविक निरोगी पिल्लू काही महिन्यांत ही शिस्त हमखास शिकू शकते. मात्र त्या काळात घड्याळ पाहण्याचे काम माणसाला करावे लागते. पिल्लाने ते करावे अशी अपेक्षा ठेवली, की बिघाडाला सुरुवात होते.

अंगणातून सदनिकेत

आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडला नव्हता, कारण त्यांचे कुत्रे घरात राहतच नव्हते. वाड्याचे अंगण, गोठा, परसदार आणि वेशीपर्यंतचा रस्ता हा त्याचा संसार असे. माजघराचा उंबरा त्याने ओलांडायचा नाही, हे त्यालाही ठाऊक असे. भाकरीचा तुकडा अंगणात मिळे आणि विधीसाठी सारे रान मोकळे असे. कारवान किंवा मुधोळ जातीची शिकारी कुत्री दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या अशीच वाढली.

गेल्या काही दशकांत कुत्रे उंबरा ओलांडून आत आले आणि माणूस अंगण सोडून सातव्या मजल्यावर गेला. हे दोन्ही बदल एकाच काळात घडले. त्यामुळे कुत्रा पाळण्याचा अनुभव सांगणारी वडीलधारी माणसे घरात असतात, परंतु सदनिकेत कुत्रा कसा पाळावा हे मात्र त्यांनाही माहीत नसते. मग 'नाक घासा म्हणजे समजेल' किंवा 'वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवा' असे ऐकीव उपाय पुढे येतात. त्यांचा परिणाम काय होतो, हे पुढे पाहूच.

शरीराची घडी बसण्यापूर्वी

जन्मल्यानंतर साधारण तीन आठवडे पिल्लू स्वतःहून लघवीही करू शकत नाही. आई त्याच्या पोटाखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाने विसर्जन होते आणि आईच ते चाटून साफ करते. निजण्याची जागा कोरडी राहते ती यामुळे. पाय स्थिर झाले, की पिल्लू विधीसाठी निजण्याच्या जागेपासून चार पावले दूर जाऊ लागते. शिजवण्याची, निजण्याची आणि विधीची जागा वेगळी असावी ही जाण माणसाला शिकवावी लागते. कुत्र्यात तिचा अर्धा भाग निसर्गाने आधीच घालून ठेवला आहे आणि पुढील सारी शिकवण याच पायावर उभी राहते.

साधारण आठव्या-नवव्या आठवड्यात पिल्लाला विशिष्ट पृष्ठभागाची आवड जडू लागते. त्या वयात पायाखाली जे असते, ते त्याच्या लेखी 'योग्य जागा' ठरते. माती असेल तर माती, कागद असेल तर कागद. जी पिल्ले अरुंद पिंजऱ्यात वाढवली जातात, जिथे निजण्याच्या जागीच घाण करण्यावाचून गत्यंतर नसते, त्यांची ती उपजत जाणच बोथट होते. दुकानाच्या काचेमागून विकत घेतलेल्या पिल्लाला शिस्त लावणे अवघड जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. हा नियम या दृष्टीनेही उपयुक्त आहे, कारण तेवढा काळ पिल्लू आईजवळ राहिले तर अर्धे शिक्षण तिच्याकडूनच होते. पिल्लू घेण्यापूर्वी ते जिथे वाढले ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी. तिथे पाय ठेवताच उग्र दर्प आला, तर घरी काय घडणार आहे याची ती आगाऊ सूचना समजावी.

मूत्राशयावर पुरेसा ताबा येण्यास मात्र चार ते सहा महिने लागतात. पशुवैद्यक एक ढोबळ हिशेब सांगतात. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. जास्तीत जास्त तितके तास ते कळ रोखू शकते. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाची कमाल मर्यादा तीन तासांची. ही मर्यादा शांत पडून असलेल्या पिल्लाची आहे. धावपळ करणाऱ्या, नुकतेच पाणी प्यायलेल्या पिल्लाला अर्ध्या-पाऊण तासातही जावेसे वाटते. नवरा-बायको दोघेही सकाळी नऊला घराबाहेर पडून संध्याकाळी सातला परतणार असतील, तर दहा तासांत फरशी कोरडी राहावी ही अपेक्षा शरीरशास्त्राच्या विरुद्ध आहे. अशा घराने दुपारी पिल्लाला बाहेर नेणारे माणूस आधी शोधावे, पिल्लू नंतर आणावे. किंवा मोठ्या वयाचा कुत्रा दत्तक घेण्याचा विचार करावा.

आजीची 'शूऽऽ' आणि पाव्हलॉव्ह

रोजच्या पद्धतीचे सूत्र सोपे आहे. पिल्लाला जावेसे वाटण्याआधी काही मिनिटे आपण त्याला योग्य जागी पोहोचवायचे. जावेसे केव्हा वाटणार, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते. झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर पाच ते तीस मिनिटांच्या आत, खेळ ऐन रंगात आल्यावर किंवा नुकताच संपल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी. पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल सुरू होते, हा सर्व सस्तन प्राण्यांत आढळणारा प्रतिसाद आहे. त्यामुळे खाण्याच्या वेळा ठरलेल्या असल्या, की शौचाच्या वेळाही ठरतात. दिवसभर भांड्यात अन्न तसेच ठेवणाऱ्या घरात पिल्लाचे वेळापत्रक कधीच बसत नाही. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा मोजून खाणे द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी भांडे उचलावे. पाण्याचे भांडे मात्र उचलू नये. 'पाणी कमी दिले की लघवी कमी होईल' हा हिशेब नागपूर किंवा चेन्नईच्या उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतो.

पिल्लू खुणाही करते. खेळता खेळता मध्येच थांबणे, फरशी हुंगत एकाच जागी घुटमळणे, गोल फिरणे, दाराकडे किंवा पलंगामागे जाणे. या खुणा आणि प्रत्यक्ष विसर्जन यांत काही सेकंदांचेच अंतर असते. त्यामुळे पहिले काही आठवडे पिल्लू नजरेसमोर असणे आवश्यक ठरते. ज्या वेळी लक्ष ठेवणे शक्य नसेल, त्या वेळी त्याला छोट्या जागेत ठेवावे. स्वयंपाकघराचा आडोसा लावलेला कोपरा किंवा उभे राहून वळता येईल, अंग पसरून झोपता येईल एवढा हवेशीर पिंजरा चालतो. निजण्याच्या जागी घाण न करण्याची उपजत जाण येथे कामी येते. पिंजरा फार मोठा असेल, तर एक कोपरा निजण्याचा आणि दुसरा विधीचा अशी वाटणी पिल्लू चलाखीने करून टाकते. त्यात तासन्‌तास कोंडून ठेवणे हा मात्र निव्वळ छळ होय आणि त्यामुळे ती जाणही नष्ट होते.

बाहेर नेल्यावर रोज त्याच जागी न्यावे, कारण आदल्या दिवशीचा तेथील वास त्याला काम आठवून देतो. पिल्लू मोकळे होऊ लागले की एक ठराविक शब्द हळू आवाजात उच्चारावा आणि काम संपताच, दोन सेकंदांच्या आत, शाबासकी व आवडीचा छोटा घास द्यावा. घास घरी परतल्यावर दिला तर तो पिल्लाच्या दृष्टीने घरी परतण्याचा ठरतो. काही दिवसांत तो शब्द ऐकताच पिल्लू कामाला लागते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांवरील त्यांच्याच प्रयोगांतून पुढे हे तत्त्व जगाला परिचित झाले. अर्थात तान्ह्या बाळाला पायांवर धरून 'शूऽऽ' असा आवाज करणाऱ्या आपल्या आज्यांना पाव्हलॉव्ह ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पिल्लासाठीही तोच शब्द वापरण्यास काहीच हरकत नाही. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा, एवढे पथ्य पाळावे.

काम झाल्यावर लगेच घरी परतू नये. काम संपताच फिरणे संपते असे एकदा लक्षात आले, की हुशार कुत्रे काम लांबवू लागते. नंतर पाच मिनिटे खेळू द्यावे.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांचे निरीक्षण करून २०१३ साली असा निष्कर्ष मांडला, की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री शौचासाठी उत्तर-दक्षिण दिशा पसंत करतात. या शोधाला पुढल्या वर्षी विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले. वास्तुशास्त्राच्या भक्तांना याचा आनंद होईल. दिवाणखान्यातल्या गालिच्याला त्याचा काही उपयोग नाही.

लस पूर्ण होईपर्यंत काय करावे?

नव्या पालकांची खरी कोंडी येथे होते. पिल्लाला बाहेर न्यायला शिकवा असे एकीकडून सांगितले जाते आणि लसीकरण पूर्ण होईपर्यंत जमिनीवर ठेवू नका असा सल्ला दुसरीकडून मिळतो. दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पार्व्हो या विषाणूमुळे लहान पिल्लांना रक्ती हगवण होते आणि उपचार न मिळाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. हा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. लशीचे डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन सोळा आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतात. नेमका हाच काळ सवयी जडण्याचाही असतो.

यावर मधला मार्ग निघतो. इतर कुत्री जिथे येत नाहीत अशी स्वतःची गच्ची किंवा बाल्कनी असेल तर ती वापरावी. मोठ्या उथळ तबकात स्वच्छ माती किंवा रोपवाटिकेतून आणलेला हिरवळीचा तुकडा ठेवावा आणि तीच पिल्लाची जागा ठरवावी. अनेकजण रद्दीचे वर्तमानपत्र अंथरतात. तो उपाय स्वस्त आहे, परंतु त्याने पृष्ठभागाची आवड कागदाशी जोडली जाते. सकाळचा पेपर जमिनीवर पसरून वाचण्याची ज्या घरात पद्धत आहे, तेथे याचा प्रत्यय लवकरच येतो. मातीची सवय लागलेले पिल्लू लस पूर्ण झाल्यावर रस्त्याकडेच्या मातीवर सहज जाते. कागदावर शिकलेल्याला पुन्हा सारे पहिल्यापासून शिकवावे लागते. दरम्यान पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर फिरवण्यास हरकत नाही. रिक्षांचे आवाज, माणसांची गर्दी आणि जिन्यातला अंधार यांची ओळख याच वयात व्हावी लागते. नेमके काय करावे हे आपल्या परिसरातील रोगराईची माहिती असलेल्या पशुवैद्यकांना विचारून ठरवावे.

रस्त्यावरचे देशी पिल्लू दत्तक घेणाऱ्यांना येथे थोडा लाभ होतो. ते मातीतच जन्मलेले असल्याने मातीची ओढ त्याला असतेच. उलट मोठ्या वयाचा देशी कुत्रा घरात आणला, तर गुळगुळीत फरशीवर काय करावे हे न समजून तो बराच वेळ कळ दाबून बसतो. त्याला बाहेर जाण्याची संधी वारंवार द्यावी.

अपराधी चेहरा

घरी परतावे, दार उघडावे, फरशीवर घाण दिसावी आणि पिल्लू कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात उभे असावे. 'बघा, चूक केली आहे हे त्याला कळते,' असे प्रत्येक पालक म्हणतो. न्यूयॉर्कमधील बर्नार्ड महाविद्यालयातील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमका हाच समज तपासला. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मालकाने कुत्र्याला खाऊ न खाण्याची आज्ञा देऊन खोलीबाहेर जायचे आणि परत आल्यावर त्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला सांगितले जाई. काही वेळा मुद्दाम खोटे सांगितले जाई. १४ कुत्र्यांच्या निरीक्षणातून दिसले ते असे, की तो 'अपराधी' चेहरा खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे. आज्ञा पाळूनही विनाकारण बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तर तो अधिक ठळक दिसला.

याचा अर्थ स्पष्ट आहे. तो चेहरा पश्चात्तापाचा नसून भीतीचा आहे. कुत्र्याला शिक्षा आणि कृती यांचा संबंध एक-दोन सेकंदांपुरताच जोडता येतो. तासाभरापूर्वीच्या थारोळ्यावर त्याचे नाक घासले, तर त्याला एवढेच समजते की माणूस आणि लघवी एकत्र असले की मार बसतो. मग ते दोन गोष्टी शिकते. एक, माणसासमोर कधीच विधी करायचा नाही. त्यामुळे पट्टा बांधून अर्धा तास फिरवले तरी ते रोखून धरते आणि घरी येताच पलंगामागे जाऊन मोकळे होते. दोन, पुरावा लपवायचा. घाण चाटून वा खाऊन टाकणारी काही पिल्ले याच मार्गाने तिथे पोहोचलेली असतात. पालक याला हट्ट समजतो आणि शिक्षा वाढवतो. कुत्र्याला घराबाहेर काढण्याचा निर्णय अनेक कुटुंबांत याच टप्प्यावर होतो, म्हणून हे विस्ताराने सांगितले.

पिल्लू डोळ्यांदेखत घाण करू लागले, तर हलकी टाळी वाजवून त्याचे लक्ष वळवावे आणि उचलून योग्य जागी न्यावे. उरलेले काम तेथे झाले तर शाबासकी द्यावी. नंतर सापडलेली घाण मुकाट्याने पुसावी.

फिनाईलचा भ्रम

पुसणे हा या शिकवणीतील सर्वाधिक दुर्लक्षिलेला भाग आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे ग्राहक सुमारे साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात ते दहा कोटींहून अधिक असतात. शिवाय टाळूपाशी असलेल्या एका स्वतंत्र अवयवाने ते दुसऱ्या कुत्र्याच्या मूत्रातील रासायनिक संदेश वाचते. आपल्याला स्वच्छ वाटणारी फरशी त्याला कालच्या मजकुरासह दिसत असते आणि तो मजकूर 'जागा हीच' असे सांगत असतो.

भारतीय घरांतील हुकमी उपाय म्हणजे फिनाईल. त्याचा उग्र वास आपल्या नाकापुरता मूत्राचा वास झाकतो, मूळ पदार्थ तिथेच राहतो. त्यातच ओल्या फरशीवरून चालून पाय चाटणाऱ्या पिल्लाच्या पोटात ते जाते आणि फिनाईल विषारी असते. अमोनिया असलेली स्वच्छताद्रव्येही टाळावीत, कारण मूत्राच्या वासातही अमोनियाच असतो. ब्लीचिंग द्रावण ताज्या लघवीवर कधीही ओतू नये. दोहोंच्या संयोगाने घातक वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो माणसालाही अपायकारक ठरतो.

योग्य पद्धत अशी. आधी जुन्या फडक्याने किंवा रद्दीच्या कागदाने सारी ओल दाबून टिपून घ्यावी, घासू नये. मग साध्या पाण्याने पुसून त्यावर विकरयुक्त द्रव घालावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत असे द्रव मिळतात. विकरे हे मूत्रातील सेंद्रिय पदार्थांचे विघटन करणारे घटक आहेत. ते काम व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, तोवर जागा ओली राहू द्यावी. फरशीसाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊनही काम भागते. संगमरवरावर मात्र व्हिनेगर वापरू नये, डाग पडतात. जुने डाग शोधण्यासाठी अतिनील किरणांची छोटी विजेरी मिळते. अंधारात तिच्या उजेडात वाळलेले मूत्र चमकते. पहिल्यांदा ती लावून पाहणाऱ्या गृहिणीला बहुधा धक्काच बसतो. पायपुसणी, सतरंज्या आणि गालिचे मात्र काही महिन्यांसाठी गुंडाळून माळ्यावर टाकावेत हे उत्तम. मऊ, शोषून घेणारा पृष्ठभाग पिल्लाच्या पायांना हिरवळीसारखाच लागतो.

पुसताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. विशेषतः पावसाळ्यात हे आवश्यक आहे, कारण लेप्टोस्पायरोसिस हा आजार बाधित प्राण्यांच्या मूत्रातून माणसाला होऊ शकतो. त्याची लस कुत्र्याला दरवर्षी देता येते.

दूध-पोळीचे काय?

मराठी घरात पिल्लाचे पहिले जेवण म्हणजे दूध-पोळी किंवा दूध-भात. प्रेम त्यामागे असते, पण आईचे दूध सुटल्यानंतर पिल्लांच्या शरीरात दुधातील शर्करा पचवणारे विकर कमी होत जाते. परिणामी अनेकांना पातळ जुलाब होतात आणि पातळ शौच रोखून धरणे कोणत्याही प्राण्याला शक्य नसते. जंतांचेही तसेच. शिस्त लागत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना पशुवैद्यक आधी आहार आणि जंतांचे औषध यांबद्दल विचारतात, ते यासाठी.

शिकलेले कुत्रे चुकते तेव्हा

काही ओल्या फरशा शिकवणीच्या कक्षेबाहेरच्या असतात. पाहुणा वाकून डोक्यावर हात ठेवतो आणि पिल्लू पाठ टेकून किंचित लघवी सोडते. ही शरणागतीची देहबोली आहे. रागावले तर ती वाढते. पाहुण्याने दुर्लक्ष करून बाजूला बसावे, वयाबरोबर ती बहुधा जाते. वयात आलेला नर सोफ्याच्या पायावर थोडी थोडी लघवी करतो, तेव्हा तो हद्दीची खूण करत असतो. निर्बीजीकरणाने ही सवय पुष्कळ नरांत कमी होते, सर्वांत नाही. घरात एकटे राहिले की दाराजवळच घाण करणारे, सोबत भुंकणारे आणि दार ओरबाडणारे कुत्रे विरहाने घाबरलेले असते. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बाहेर जायलाच नकार देणारी कुत्री घराघरांत असतात. त्या दिवसांत अंधार पडण्यापूर्वीच फेरी उरकावी. कोरड्या ऋतूत शिकलेले पिल्लू जूनमध्ये पहिला पाऊस अंगावर पडताच माघारी फिरते. छत्री, इमारतीखालील वाहनतळाची कोरडी कड आणि आवडता घास यांनी ते सावरते, पण काही दिवस जातातच.

बाहेर नेणे म्हणजे सार्वजनिक जागेत नेणे, हेही ओघाने आले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि उद्वाहकात कुत्रे नेण्यास मज्जावही करता येत नाही. त्याच सूचनांत पालकांनी आपल्या प्राण्याची घाण स्वतः उचलावी असेही सांगितले आहे. मुंबईसह अनेक शहरांच्या महापालिकांनी यासाठी दंडाची तरतूद केली आहे. खिशात कागद किंवा पिशवी नसेल, तर सोसायटीच्या सभेत नियमांचा आधार घेणे अवघड जाते. आणि कंटाळून कुत्रे सोडून देणाऱ्यांसाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. उपासमार वा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा त्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात ठेवलेली ५० रुपयांची कमाल मर्यादा इतकी नगण्य आहे, की प्राणिप्रेमी संघटना वर्षानुवर्षे तिच्यावर टीका करत आल्या आहेत.

वर्षानुवर्षे शिस्तीत वागणारे कुत्रे अचानक घरात घाण करू लागले, तर प्रथम आजाराचा संशय घ्यावा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांचे पहिले लक्षण ओली फरशी असू शकते. निर्बीजीकरण झालेल्या माद्यांत कधी कधी झोपेत नकळत लघवी झिरपते. त्यावर औषधे उपलब्ध आहेत. म्हातारपणी कुत्र्यांनाही विस्मरण होते; दार कोणत्या बाजूला आहे हे ते विसरते किंवा सांधेदुखीमुळे उठायलाच त्याला उशीर होतो. अशा वेळी पशुवैद्यकांकडे जाताना किती वेळा, कुठे, झोपेत की जागेपणी आणि पाणी पिणे वाढले आहे का, हे लिहून न्यावे. शक्य असल्यास सकाळच्या पहिल्या फेरीत स्वच्छ कोरड्या बाटलीत लघवीचा ताजा नमुना धरून दोन तासांच्या आत दवाखान्यात पोहोचवावा. फरशीवरून टिपलेला नमुना तपासणीस चालत नाही.